तारखेखालचा तऱ्हेवाईकपणा : मारिओ मिरांडा यांच्या सचित्र रोजनिशा

मराठीत व्यंगचित्रकलेविषयी जे समीक्षालेखन झाले, त्याचा रोख प्रामुख्याने राजकीय व्यंगचित्राकडे राहिला आहे. सत्तेवरील भाष्य, प्रसंगाचे नेमके मर्म, चित्राखालच्या ओळीची धार हे त्या समीक्षेचे रूढ निकष होत. या निकषांत न बसणारे, रोजच्या जगण्यातील तऱ्हेवाईकपणा टिपणारे रेखाटन 'मिस्कील', 'खुसखुशीत', 'हलकेफुलके' अशा विशेषणांनी गौरविले जाते आणि त्याच विशेषणांनी बाजूलाही सारले जाते. अशा चित्रांमागे चित्रकाराची लहर असते, निरीक्षणाची शिस्त नसते, असे गृहीतच धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, हे तपासण्यासाठी मारिओ मिरांडा यांच्या तरुणपणीच्या सचित्र रोजनिशांइतके सोयीचे साहित्य क्वचितच मिळेल.

मिरांडा (१९२६–२०११) मराठी वाचकाला परिचित आहेत ते मुख्यतः मुंबईच्या इंग्रजी नियतकालिकांतील व्यंगचित्रकार म्हणून. त्यांचा जन्म दमणचा. घर मात्र गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या लोटली गावी. लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या या मुलाला आईने कोरी वही आणून दिली आणि त्याने तिलाच आपली 'डायरी' म्हटले, ही हकिकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. ती कौतुकाने सांगितली जाते, परंतु तिच्यातील वाङ्मयीन अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. भिंतीला तारीख नसते, वहीला असते. भिंतीवरचे चित्र पुसून पुन्हा काढता येते. रोजनिशीतले चित्र त्या दिवसाशी बांधले जाते. या वहीची सवय पुढे तारुण्यातही टिकली. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या रोजनिशा वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांच्या पुढाकाराने स्वतंत्र ग्रंथांच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या आहेत. त्या लिहिल्या-रेखाटल्या गेल्या तेव्हा मिरांडा तेवीस ते पंचवीस वर्षांचे होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी इतिहास विषय घेऊन पदवी मिळविली, घरच्यांच्या इच्छेखातर वास्तुशास्त्राकडे वळून पाहिले आणि ते सोडूनही दिले. व्यवसाय ठरलेला नाही, वाचक ठरलेला नाही, संपादक तर नाहीच, अशा अवस्थेतील ही चित्रे आहेत. नेमका हाच त्यांचा मोठा गुण आहे.

रोजनिशी हा वाङ्मयप्रकार आपण अभ्यासक्रमात शिकवतो तो केवळ शब्दांचा प्रकार म्हणून. तिची लक्षणे सांगताना उत्स्फूर्तता, खासगीपणा, आत्मनिवेदन यांवर भर दिला जातो. परंतु तिचे सर्वांत कठोर लक्षण म्हणजे तारीख. काही घडले असो वा नसो, दिवस उजाडतो आणि पान समोर येते. कादंबरीकाराला निरस दिवस गाळता येतो, रोजनिशीकाराने तो गाळला तरी गाळल्याची खूण मागे राहते. मिरांडा यांच्या वह्यांमध्ये या सक्तीचा चित्रकलेवर झालेला परिणाम पाहण्यासारखा आहे. दररोज एक विनोद सुचणे शक्य नसते. मग चित्रकार सुचण्याची वाट पाहत नाही, दिसण्यावर भिस्त ठेवतो. फेस्त, लग्न, तियात्र, चर्चमधील प्रार्थना, मित्रांची बैठक, बसचा प्रवास, पाहुण्यांची वर्दळ असा गावगाड्यातील व शहरातील रोजचा व्यवहार हेच या रेखाटनांचे अनुभवद्रव्य होय. हाताने लिहिलेला त्रोटक मजकूर आणि चित्र पानावर एकमेकांना खेटून बसतात. मजकूर चित्राचा खुलासा करीत नाही आणि चित्र मजकुराची सजावट करीत नाही; एकाच दिवसाच्या त्या दोन नोंदी असतात. स्वतः मिरांडाही या चित्रांत इतरांसारखेच एक पात्र म्हणून वावरतात. स्वतःला त्यांनी कोणतीही सवलत दिलेली नाही, ही बाब आत्मपर लेखनाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावी अशी आहे.

मराठी परंपरेतील दोन मोठ्या चित्रकारांशी तुलना केल्यास या तऱ्हेवाईकपणाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. शि. द. फडणीस यांनी अनंत अंतरकर यांच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर जी शब्दविरहित हास्यचित्रे काढली, त्यांपैकी मांजरे आणि उंदीर यांच्या नक्षीचे कपडे घातलेल्या तरुण-तरुणीचे चित्र सर्वश्रुत आहे. तेथील विसंगती रचलेली आहे. दोन सामान्य वस्तू चित्रकाराने एकमेकींसमोर उभ्या केल्या आणि त्यांच्यातील नाते आपल्याला एकदम दिसले. हे चित्र कोणत्याही वर्षाचे, कोणत्याही शहराचे असू शकते. तारखेपासूनची मुक्ती हीच त्याची शक्ती आहे. वसंत सरवटे यांचा मार्ग निराळा. व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या या चित्रकाराची रेषा माणसाच्या उभे राहण्यात, बसण्यात, मान वळविण्यात त्याचा स्वभाव शोधते. पु. ल. देशपांडे यांच्या लेखनाने मराठीत रुळविलेला 'वल्ली' हा शब्द येथे उपयोगी पडतो, कारण वल्लीचा तऱ्हेवाईकपणा त्या माणसाच्या मालकीचा असतो. तो कोठेही गेला तरी सोबत तो घेऊनच जातो.

मिरांडा यांच्या रोजनिशांतील विसंगती रचलेली नाही आणि ती पूर्णतः व्यक्तीच्या मालकीचीही नाही. ती माणूस, जागा आणि वेळ यांच्या गाठीभेटीतून निर्माण होते. गंभीर विधी चालू असताना मागच्या बाकावरील माणसाला आलेली पेंग एरवी विनोदी नसते. त्याच माणसाला आपल्या घरी झोप आली तर तिच्यात चित्र नाही. 'हा माणूस विक्षिप्त आहे' असे ही रेखाटने क्वचितच म्हणतात; 'त्या दिवशी, तेथे, हे असे होते' एवढेच त्यांचे म्हणणे असते. हा भेद किरकोळ वाटला तरी त्यावर बरेच काही अवलंबून आहे. विक्षिप्तपणा व्यक्तीला चिकटविला की तिची चेष्टा सुरू होते. प्रसंगात पाहिला की त्या समाजाच्या वागण्याची नोंद होते. १९६१ पूर्वीच्या गोव्यातील ख्रिस्ती समाजजीवनाचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकाराने या वह्या साधन म्हणून का वापराव्यात, याचे उत्तर येथे आहे. पोर्तुगीज राजवटीच्या दप्तरात सणाची मिरवणूक नोंदली जाईल, पण मिरवणुकीत छत्री कोणाच्या डोक्यावर कशी धरली गेली, कोण पाय ओढीत चालला, हे दप्तराला ठाऊक नसते.

हे सर्व ज्यामुळे साधते त्या चित्ररचनेकडे वळले पाहिजे. मिरांडा यांच्या चित्रात रिकामी जागा कमी असते. मुख्य घटना मध्यभागी असली तरी नजर तेथे थांबत नाही, कडेच्या आकृतींकडे ओढली जाते. कोपऱ्यातला कुत्रा, खिडकीतून डोकावणारी बाई, आपल्याच नादात असलेला वाढपी यांना मुख्य पात्रांइतक्याच काळजीने रेखाटलेले असते. श्रेणीचा अभाव हे या रचनेचे तत्त्व आहे. दूरचे आणि जवळचे यांना सारख्याच ठसठशीत रेषेने काढल्यामुळे चित्र वाचावे लागते, एका दृष्टिक्षेपात ते संपत नाही. फुगीर डोळे, लांबलेली नाके, अवास्तव देहयष्टी अशी अतिशयोक्ती आहेच. परंतु वस्तूंच्या बाबतीत चित्रकार कमालीचा काटेकोर आहे. खुर्चीची पाठ, कौलांची उतरण, खिडकीची नक्षी यांत तो लहर चालू देत नाही. माणसे वाकडी आणि घरे सरळ, अशी ही विभागणी आहे, आणि त्या सरळ घरांमुळेच वाकड्या माणसांवर आपला विश्वास बसतो.

मिरांडा यांनी ज्यांचा प्रभाव मान्य केला त्या रोनाल्ड सर्ल या ब्रिटिश चित्रकाराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली सिंगापूर पडल्यावर सर्ल जपान्यांचे युद्धकैदी झाले आणि बंदिवासात त्यांनी लपवून ठेवलेल्या चित्रांतून सोबत्यांची दैना नोंदविली. पुढे शाळकरी मुलींच्या उच्छादाची जी हास्यचित्रे त्यांनी काढली, ती त्याच हाताने. साक्षीदाराची रेषा आणि गंमत करणारी रेषा परस्परविरोधी नसतात, असे सर्ल यांच्याकडे पाहून म्हणता येते. मिरांडा यांच्या अनुभवाची जात अर्थातच सौम्य होती. दोघांची बरोबरी करण्याचे कारण नाही.

जाहिरात व्यवसायातील काही वर्षांनंतर मिरांडा वृत्तपत्रसृष्टीत स्थिरावले. 'द इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया', 'फेमिना', 'द इकॉनॉमिक टाइम्स' यांतून त्यांची पात्रे घरोघरी पोहोचली. मिस निंबूपाणी ही सिनेतारका, मिस फोन्सेका ही कार्यालयातील सचिव, बंडलदास हा मंत्री, गोडबोले हा कारकून. ही नावे मराठी कानाला विशेष बोलकी आहेत. 'बंडल' या मुंबईच्या बोलीतील शब्दाला 'दास' जोडून केलेला मंत्री आणि अस्सल मराठी आडनावाचा नोकरदार पाहता गोव्याच्या या चित्रकाराने मुंबईची भाषा किती आत्मसात केली होती, ते ध्यानात येते. तरीही निर्मितीच्या दृष्टीने ही पात्रे रोजनिशांच्या तुलनेत उतरती आहेत, असे म्हणणे भाग आहे. नाव ठरले, देहयष्टी ठरली, की विनोदही ठरतो. मिस फोन्सेका कार्यालयात शिरली की काय होणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे हीच नियतकालिकाची गरज असते. रोजनिशीत दिवस चित्राला आकार देत होता. सदरात पात्र दिवसाला आकार देते. स्त्रीदेहाच्या ठरावीक अतिशयोक्तीबाबत तर ही चित्रे त्या काळच्या मासिकांच्या सवयींपलीकडे फारशी जात नाहीत. काळ तसा होता, या सबबीने हा दोष झाकता येणार नाही, कारण त्याच चित्रकाराच्या वह्या त्याहून मोकळ्या नजरेच्या आहेत.

कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमधील भिंतीचित्रांत मात्र गर्दीची जुनी ताकद पुन्हा प्रकटते. तेथे एकाच पात्राला राज्य करता येत नाही. शिवाय भिंतीखाली बसलेले खरे ग्राहक आणि भिंतीवरचे ग्राहक यांच्यात एक विलक्षण नाते तयार होते. याच आकृती कप, फरशा, पिशव्या यांवर छापल्या जातात तेव्हा ते नाते तुटते. गर्दीतून उचललेला एकटा माणूस केवळ 'गोव्याची आठवण' म्हणून विकला जातो आणि त्याची तारीख पुसली जाते. लोकप्रियतेबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. अभ्यासकाने मात्र कपावरच्या मारिओवरून वहीतल्या मारिओचे मूल्यमापन करू नये.

या वह्यांची एक मर्यादा मात्र रेषेची नाही, जागेची आहे. मिरांडा कुटुंबाचे लोटलीतील घर हे जुने, प्रशस्त, जमीनदारी घर आहे. गोव्यातील अशा घरांच्या दर्शनी भागी 'बाल्कांव' असतो, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना बसण्यासाठी दगडी आसने असलेला उघडा ओटा. संध्याकाळी तेथे बसले की सारा गाव समोरून जातो. गावातील या रेखाटनांची नजर पुष्कळदा या ओट्यावरून निघालेली आहे. मासळीवाली, पाववाला, झिंगलेला वाटसरू, चर्चचा सेवक हे सारे प्रेमाने रेखाटलेले आहेत; परंतु ओट्यावरून दिसतात तेवढेच. त्यांच्या घरी चित्र जात नाही. त्यांची लकब टिपली जाते, त्यांची चिंता टिपली जात नाही. ही नजर तुच्छतेची नाही. पण तिला बसायला आसन आहे, हे विसरून तिच्या सौम्यपणाचे कौतुक करणे अपुरे ठरेल.

या संदर्भात एक जोडवाचन सुचविण्यासारखे आहे. श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' (१९८५) हा चित्रपट लोटलीच्या याच घरात चित्रित झाला. त्याचे कथानक १९६१ च्या गोव्यात, पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या दिवसांत घडते. चित्रपटातील मिलाग्रेनिया ही घरातली मोलकरीण त्याच घराच्या दिवंगत मालकाची अनौरस मुलगी आहे. नीना गुप्ता यांनी ती भूमिका केली आहे. घरातील मोठी माणसे तिला हाक मारतात, राबवितात आणि मृतात्म्याशी संवाद साधायचा असला की तिलाच माध्यम म्हणून बसवितात. बेनेगल यांचा कॅमेरा ओट्यावरून रस्त्याकडे न पाहता घराच्या आत, मोलकरणीच्या वाटेने वळतो. महाविद्यालयीन वर्गात या दोन कृती शेजारी ठेवल्या, तर रोजनिशीतील दिवाणखान्याच्या एखाद्या चित्रात ताटे घेऊन दाराशी उभ्या असलेल्या आकृतीकडे विद्यार्थी वेगळ्या नजरेने पाहतील. ती आकृती मिरांडा यांनी वगळलेली नाही. भरलेल्या पानात तिलाही जागा दिली आहे.