‘ब्लॅक फ्रायडे’ : तस्करीची वाट आणि दहशतवाद

एस. हुसैन झैदी यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ (२००२) हा ग्रंथ १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा तपशीलवार वृत्तांत मांडतो. २५७ बळी घेणाऱ्या या कटातील आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले, ते सोन्या-चांदीच्या तस्करीने रुळविलेल्या वाटेने. सीमाशुल्क अधिकारी व पोलीस यांच्या लाचखोरीची प्रकरणे हे या ग्रंथाचे खरे मोल होय. मात्र सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, १९९२ मध्ये अनिवासी भारतीयांना सोने आणण्याची मुभा मिळाली. नफा आटताना तस्करीची यंत्रणा कोणत्या मालाकडे वळते, हा प्रश्न कथनाच्या वेगात मागे पडतो. टोळीप्रमुखांच्या चरित्रांत रमणाऱ्या लेखनाची (मराठी वृत्तपत्रेही त्यास अपवाद नाहीत) हीच मर्यादा आहे. पवनीच्या जंगलालगत वाघाच्या कातड्याचा अंतिम खरेदीदार शोधू पाहणाऱ्या अभ्यासकालाही याच प्रश्नापासून आरंभ करावा लागेल.