अंतरा गळालेली गाणी

दलित साहित्याची चर्चा कवितेपासून सुरू होते आणि आत्मकथनापाशी येऊन थांबते. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, आणि अशा पुस्तकांच्या आधाराने आपल्या समीक्षेने आपली परिभाषा उभी केली. विद्रोह, नकार, वेदना, बांधिलकी हे शब्द तिने कमावले. ते कमावणे आवश्यकच होते. परंतु ही पुस्तके येण्याच्या कितीतरी आधी, ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते अशा माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार ज्या भीमगीताने नेला, त्याला या समीक्षेने उंबऱ्याबाहेरच ठेवले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवण्यात आले त्यांनीच हे करावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

जुन्या भीमगीतांची आठवण काढणारे आज पुष्कळ आहेत. जयंती जवळ आली की जुन्या गायकांची नावे निघतात, तसा आवाज आता होणे नाही असे म्हणून उसासे टाकले जातात. या उसाशांविषयी मला आदर आहे. पण आठवण गाण्याला गोड करते आणि समीक्षा गाण्याला प्रश्न विचारते. या लेखात मला त्या गाण्यांना काही प्रश्न विचारायचे आहेत आणि त्या गाण्यांचे आपण काय केले, हा प्रश्न आपल्यालाही विचारायचा आहे.

प्रथम एक ऐतिहासिक गोष्ट. १९५८ साली मुंबईला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. अण्णा भाऊ कथाकार आणि कादंबरीकार होते हे खरेच. पण त्याआधी ते शाहीर होते. अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकाच्या फडावर ते उभे राहिले होते. म्हणजे ज्या चळवळीचा पहिला मांडव एका शाहिराच्या हाताने उघडला गेला, तिच्याच समीक्षेत पुढे शाहिरी हा ‘प्रचार’ ठरला आणि छापील कविता तेवढी ‘साहित्य’ ठरली. प्रस्थापितांची फूटपट्टी नाकारता नाकारता तिचा एक तुकडा आपल्या खिशात राहून गेला.

शाहिरांच्या बाजूने बोलताना आपण बहुतेक वेळा बाबासाहेबांनी जलशाची वाखाणणी केल्याचे सांगतो आणि गप्प बसतो. या सांगण्याचे आपण प्रमाणपत्र करून टाकले आहे. प्रमाणपत्र भिंतीवर लावले की काम संपते. जलसा भाषणाइतका परिणामकारक का ठरत होता, त्याच्या रचनेत असे काय होते, हे शोधण्याचे कष्ट मग कोणी घेत नाही.

ते होते असे. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला मजकूर बदलला. आंबेडकरी जलशाने तेच पुढे नेले. देवाला नमन करायच्या जागी समतेचे नमन आले. गौळणींच्या थट्टेच्या जागी अस्पृश्यता, व्यसन, शिक्षण, सावकारी यांवरचे सवाल-जबाब आले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी १९३० नंतरच्या काळात गावोगाव हे करीत होते. १९७८ साली कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात त्याची नोंदही करून ठेवली. या सगळ्याचा गाभा वाद हा होता. एक पात्र रूढीची बाजू मांडी, दुसरे ती मोडून काढी, आणि गाणे त्या वादाच्या पोटातून निघे. श्रोता नुसता डोलत नसे, त्याला बाजू घ्यावी लागे.

जलसे मागे पडल्यावर हा वाद गाण्याच्या अंतऱ्यात येऊन राहिला, असे माझे म्हणणे आहे. ध्रुवपद आणि अंतरा या दोन भागांची कामे वेगळी असतात. ध्रुवपद सर्वांचे असते. ते कोरसने म्हणायचे, टाळीवर उचलायचे. त्यात नाव येते, गौरव येतो, घोषणा येते. अंतरा एकट्याचा असतो. त्यात तक्रार येते, दाखला येतो, हिशेब येतो. कागदावर वाचले तर ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते म्हणून कंटाळवाणे वाटते, आणि छापील कवितेवर पोसलेला समीक्षक तेथेच पुस्तक मिटतो. बैठकीत मात्र ते प्रत्येक अंतऱ्यानंतर नवा अर्थ घेऊन येते. पहिल्यांदा म्हटलेले ध्रुवपद हा जयजयकार असतो. तिसऱ्या अंतऱ्यानंतर तेच शब्द जाब विचारल्यासारखे ऐकू येतात. ही कला कानाची आहे, आणि तिचे मोजमापही कानानेच केले पाहिजे.

मी हे महागावच्या अनुभवावरून लिहितो आहे. महागाव हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे तालुक्याचे गाव. नागपूरहून यवतमाळ, आर्णी करीत उमरखेड-नांदेडकडे जाणारा रस्ता येथून जातो. याच रस्त्याने माणसे विजयादशमीला दीक्षाभूमीवर जातात आणि येताना पुस्तके, तसबिरी, आणि एके काळी कॅसेटी, घेऊन येत. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. त्यामुळे दोन्हीकडची गाणी येथे येत. १९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि तिकडे वस्त्या जळाल्या. १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्तार झाला. मधल्या वर्षांत नामांतराचे गाणे हे आमच्याकडे वर्तमानपत्राचेही काम करीत होते. सालदार, कापूस वेचणाऱ्या बाया, शाळा अर्ध्यात सोडलेली पोरे यांना लढ्याचा तपशील गायनपार्टीच्या अंतऱ्यातून कळत होता.

या गाण्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चाली उसन्या आहेत, हिंदी सिनेमाच्या आहेत, म्हणून ही निर्मिती दुय्यम. मला हा आक्षेप पोकळ वाटतो. चित्रपटाची चाल रेडिओवरून आणि फिरत्या टॉकीजमधून खेड्यात फुकट येत होती. ती प्रत्येकाच्या ओठावर होती. शब्द शिकवायचे असतील तर चाल आधीच माहीत असणे ही मोठी सोय होती. ज्याच्याजवळ स्वतःची जमीन नाही तो दुसऱ्याच्या बांधावर उगवलेले वेचून आणतो. त्यातून भाकरी मात्र स्वतःची भाजतो. प्रेमाच्या तक्रारीच्या चालीवर पाणवठ्याची तक्रार बसवली की त्या चालीचाच स्वभाव बदलतो. आमच्या वस्तीत अशा कितीतरी चाली आहेत, ज्या मुलांना भीमगीत म्हणून आधी कळल्या आणि सिनेमातले गाणे म्हणून मागाहून.

वामनदादा कर्डक यांच्यापाशी हे सर्व एकत्र येते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत आल्यावर, मोठ्या वयात अक्षर शिकला. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. पुढे ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनचे’ असे संग्रह निघाले. पण त्यांचे खरे प्रकाशन गावोगावच्या ओट्यांवर झाले. वामनदादांचे मोठेपण मी त्यांच्या अंतऱ्यांत पाहतो. देशाची संपत्ती कोणाच्या घरात साठली आणि आमचा वाटा कुठे गेला, असा रोकडा हिशेब त्यांनी मागितला. रिपब्लिकन पक्षाची शकले झाली तेव्हा त्यांनी बाबासाहेबांच्या अनुयायांनाच पिंजऱ्यात उभे केले. स्वकीयांना असे सुनावणारे धैर्य आपल्या छापील कवितेतही फार ठिकाणी सापडत नाही.

आणि शेवटच्या अंतऱ्यात ते आपले नाव गुंफीत. ही संतांची नाममुद्रा आहे, असे म्हणून विद्वान पुढे जातील. मला तिच्यात आणखी काही दिसते. जो समाज नावाने हाक मारली जाण्यासाठी झगडला, त्याच्या कवीला आपले नाव गाण्याच्या आत शिवून ठेवावे लागले, कारण बाहेर ते कोणी घेणार नव्हते. गायनपार्टीच्या कार्यक्रमात पाच रुपयांची नोट देणाऱ्याचे नाव माईकवरून तीनदा घेतले जाई. गाणे लिहिणाऱ्याचे एकदाही घेतले जात नसे. वामनदादांचे गाणे त्याला अपवाद ठरे, कारण तेथे गायकाला कवीचे नाव गावेच लागे.

मग यंत्र आले. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटे मावत. बैठकीत ताणून, सवाल टाकून, रात्र चढेल तसे फुलवायचे गाणे त्यात मावावे कसे? पुढे कॅसेट आली, तिच्यात गाणी जास्त हवीत म्हणून प्रत्येक गाणे आखूड. आता जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर ध्रुवपदाच्या दोन ओळी आणि खाली ठोका एवढेच उरते. गाणे छाटायचे ठरले की शेवटचा अंतरा पहिला जातो, आणि त्याच्याबरोबर कवीचे नाव जाते. त्यानंतर हिशेब जातो. मागे राहतो जयजयकार. डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. रस्त्यावर मोठ्या आवाजात आपले गाणे वाजवणे हासुद्धा ज्यांना रस्ताच नव्हता त्यांचा हक्क आहे. पण जे गाणे अनुयायांना जाब विचारत होते ते अनुयायांची पाठ थोपटू लागले, हा बदल यंत्राच्या नावावर खपवून चालणार नाही. तो आपल्याला सोयीचा होता म्हणून झाला.

प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मंगळवेढ्याच्या मातीतला हा खडा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून साऱ्या महाराष्ट्रात पोचला. आषाढीला तो प्रत्येक गल्लीत वाजतो. याच गळ्याने भीमगीते आणि कव्वाल्याही गायल्या. त्या मात्र वस्तीच्या हद्दीतच राहिल्या. एकाच गळ्याला अशी वेस घातली गेली. २००४ या एकाच वर्षी, मे महिन्यात वामनदादा आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवरच्या मंचावर कोसळले आणि गेले. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, आमच्या विदर्भातले नागोराव पाटणकर यांची नावे आज किती तरुणांना सांगता येतील?

उलट बाजूला पाहा. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ झाले. त्यातली ५६ गीते, प्रत्येकाचा राग, गायक यांची माहिती सहज मिळते. माडगूळकर आणि फडके यांच्या कर्तृत्वाला मी उणे म्हणत नाही. पण त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरनंतर आणि पुन्हा ६ डिसेंबरनंतर, वस्त्यावस्त्यांतून जी गाणी उमटली त्यांतल्या किती गाण्यांचे कवी आपल्याला ठाऊक आहेत? ‘जुनी मराठी गाणी’ असे म्हटल्यावर जी यादी डोळ्यांसमोर येते, ती यादीही गावासारखीच वसलेली आहे.

आता या गाण्यांनाही प्रश्न विचारला पाहिजे. त्यांपैकी अनेकांनी बाबासाहेबांना देव करून टाकले. ज्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या त्यांनाच अवताराच्या भाषेत ओवाळले. स्त्रीच्या बाबतीतही असेच. रमाईवरची बहुतेक गाणी तिच्या सोसण्याचे कौतुक करतात. तिच्या विचाराला जागा देत नाहीत. पण त्याच वेळी कव्वालीच्या सामन्यात, एका बाजूला पुरुषाची पार्टी आणि दुसऱ्या बाजूला बाईची, असा सवाल-जबाब रंगे, तेव्हा ती बाई भर मंडपात पुरुषाला उत्तर देऊन निरुत्तर करी. गाण्यातल्या स्त्रीपेक्षा गाणारी स्त्री पुढे गेलेली होती. आज एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात यांच्या आवाजात मला तो जुना ताठरपणा ऐकू येतो. यावर आपल्याकडे एकही कसदार चर्चा होऊ नये?

जगात अन्यत्र हे घडले आहे. अमेरिकेत बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णी गायिकेने १९५२ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘हाऊंड डॉग’ हे गाणे १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने गायले आणि जगाने ते त्याच्या नावावर लिहिले. पण १९६३ साली लेरॉय जोन्स या कृष्णवर्णी कवीने ‘ब्लूज पीपल’ हा ग्रंथ लिहून दाखवून दिले की आपल्या लोकांची गाणी हाच आपल्या लोकांचा इतिहास आहे, आणि चाल कशी वाकते यातही गुलामीचा वृत्तांत असतो. पँथर हे नाव आपण त्यांच्याकडून घेतले. गाणे ऐकण्याची ही शिस्त घ्यायची राहिली. कृष्णा किरवले यांनी आंबेडकरी शाहिरीचा शोध घेतला, तो मोलाचा आहे. त्यापुढची पायरी गाण्याच्या घडणीच्या समीक्षेची आहे.

त्यासाठी सामग्री हवी, आणि ती वह्यांत आहे. महागावच्या आसपासच्या गावांत जुन्या गायनपार्ट्यांच्या पेटीवाल्यांकडे, कोरसवाल्यांकडे हाताने उतरवलेल्या वह्या असत. त्यांत गाणी पुरी असत, सर्व अंतऱ्यांसह; माथ्यावर चालीसाठी सिनेमाच्या गाण्याचे नाव असे. अशा वह्या वाळवी खाते, घर बदलताना रद्दीत जातात. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावाच्या आणि बाईच्या नावासह गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. आमच्या तालुक्यातली पदवीधर पोरे सुट्टीत चार वह्या उतरवून काढू शकणार नाहीत काय? गाणे पुरे लिहा, कवीचे नाव शोधा, चाल लिहा, कोणी कोठे गायले ते लिहा. आणि येत्या १४ एप्रिलला डीजे वाजायचा तो वाजू द्या. पण बुद्धविहारापुढे एक तरी गाणे पेटी-ढोलकीवर शेवटच्या अंतऱ्यापर्यंत म्हणा. त्या अंतऱ्यात कवीने आपल्याला जे विचारले आहे त्याचे उत्तर अजून द्यायचे आहे.