चिठ्ठी वाचावी की दगड?

शाळांतील खडकसंचात प्रत्येक नमुन्यावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. संचाचा मोठा दोष हाच. विद्यार्थी चिठ्ठी पाठ करतो, दगड मात्र अनोळखीच राहतो.

सेमाडोहच्या परिसरातला काळा पत्थर म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. अशा बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट, स्टिल्बाइट ही खनिजे सापडतात. तिन्ही बहुधा पांढरी, कसही पांढराच. गारगोटीची घनता २.६५, कॅल्साइटची २.७१, शाळेच्या काट्यावर हा फरक कळणे कठीण. मग ओळखायचे कसे? गारगोटी (कठिनता ७) काचेवर ओरखडा काढते, इतर दोन्ही काढत नाहीत. कॅल्साइट (३) तिरकस ठोकळ्यांत फुटतो, विरल आम्लाच्या थेंबाने फसफसतो. स्टिल्बाइट फसफसत नाही. त्याच्या फुटीच्या सपाट पृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते.

काही तक्त्यांत बेसाल्टचीही एकच ‘कठिनता’ छापतात. हे चूक आहे. मोसची १८१२ची श्रेणी खनिजांसाठी आहे. बेसाल्ट हा मुख्यतः फेल्स्पार व पायरॉक्सीन यांचे मिश्रण असलेला खडक. शिवाय ते आकडे केवळ क्रम सांगतात: हिरा (१०) कुरुंदापेक्षा (९) सुमारे चौपट कठीण असतो. चाचणीसाठी सुचवलेले तांब्याचे नाणेही आज चलनात नाही. लोखंडी खिळा घ्यावा.

शिक्षकांनी चिठ्ठ्या काढून क्रमांक घालावेत. नवे नमुने व्याघ्र प्रकल्पातून नव्हे, गावच्या खडीतून निवडावेत. आणि गुण नावाला न देता ‘कशावरून?’ या प्रश्नाच्या उत्तराला द्यावेत.