मनुष्यबळ व्यवस्थापनातील व्यावसायिक संपर्क : परिचय आणि उत्तरदायित्व

व्यावसायिक विकास म्हणजे चर्चासत्रांतील उपस्थिती आणि संपर्क म्हणजे परस्परपरिचय, असे समीकरण मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या क्षेत्रात रूढ झाले आहे. त्याची चिकित्सा करताना या व्यवसायाचा भारतीय पूर्वेतिहास दृष्टिआड करता येत नाही.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 49 ने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर कामगार कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा 250 वर आली. या पदाच्या मुळाशीच एक विसंगती आहे. अधिकाऱ्याची नेमणूक मालकाने करावयाची, वेतनही त्यानेच द्यावयाचे. कर्तव्ये, पात्रता व सेवाशर्ती मात्र राज्य शासनाने ठरवावयाच्या. अनेक राज्यांच्या नियमांनी तर कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळण्यास आणि न्यायाधिकरणापुढे व्यवस्थापनाच्या वतीने कामगाराविरुद्ध उभे राहण्यास या अधिकाऱ्याला मनाई केली. सकाळी कामगाराची तक्रार ऐकणाऱ्यानेच सायंकाळी त्याच्या आरोपपत्राचा मसुदा करू नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. परंतु हा नियम वाकविण्याची सूचना वरिष्ठांकडूनच आली, तर नकार देण्याचे बळ त्याने कोठून आणावे? व्यावसायिक संघटनेची खरी कसोटी येथे लागते.

संघटनांची उणीव कधीच नव्हती. कोलकात्यात 1948 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट व मुंबईत 1950 मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर मॅनेजमेंट स्थापन झाली. 1980 मध्ये दोहोंच्या विलीनीकरणातून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट ही संस्था उदयास आली. 1985 मध्ये नॅशनल एचआरडी नेटवर्कची भर पडली. या नामावलीतून 'लेबर' हा शब्द कसा गळून पडला, हे पाहण्यासारखे आहे. उदय पारीक व टी. व्ही. राव यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यास लार्सन अँड टुब्रोसाठी मांडलेल्या मनुष्यबळ विकासाच्या संकल्पनेत माणसाच्या क्षमतावाढीचा विचार निश्चितच होता. पुढे तिचे नाव सर्वत्र पोहोचले, आशय तितकासा पोहोचला नाही.

सनदी लेखापालांशी तुलना केल्यास उणीव नेमकी कोठे आहे ते कळते. 1949 च्या अधिनियमाने त्यांच्या संस्थेला शिस्तभंगाच्या कारवाईचे अधिकार दिले. सदस्यत्व गेले की व्यवसायही थांबतो. मनुष्यबळ व्यवस्थापकाचे संघटनेतून नाव कमी झाले तरी त्याची नोकरी अबाधित राहते. इंग्लंडमधील सीआयपीडी या संस्थेचा उगमही 1913 च्या कल्याण कार्यकर्त्यांच्या संघातच आहे. तिला 2000 मध्ये राजसनद मिळाली आणि तिचे सदस्य आचारसंहितेला बांधील असतात. अर्थात तेथेही सदस्यत्वावाचून हे काम करता येते, म्हणून हा दाखला ताणण्यात अर्थ नाही. तरीही सहव्यावसायिकांनी जाब विचारण्याची सोय तेथे आहे.

अशा सोयीअभावी संपर्कजाळे नोकरीच्या संधी व वेतनमानाची माहिती पुरविते. औद्योगिक वसाहतीतील एकाकी अधिकाऱ्याला कंत्राटी कामगारांच्या हजेरीपटावर खोटी नोंद करण्यास सांगितले गेले, तर त्या रात्री विचारावे असा अनुभवी माणूस ते पुरवील, याची शाश्वती नाही. महाविद्यालयीन अभ्यासक्रमही या दोषापासून मुक्त नाहीत. संपर्ककौशल्याला तेथे स्वतंत्र कार्यशाळा लाभते. कल्याण अधिकाऱ्यावरील ती मनाई मात्र परीक्षेतील टिपेपुरती उरते.