तंजावरचे नृत्य आणि मराठी शब्द

भरतनाट्यम् हे नाव उच्चारताच आमच्या खानदेशातील सुशिक्षित प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे दक्षिणेतील एखादे देवालय उभे राहते, आणि ही कला सुंदर खरी, पण आपली नव्हे, असा त्याच्या मनाचा निवाडा होऊन जातो. जळगावास किंवा धुळ्यास मुलींच्या नृत्यवर्गाचा समारंभ झाला म्हणजे टाळ्या पडतात त्या पायांच्या गतीला आणि पोषाखाच्या झळाळीला. गीत तमिळ वा तेलुगू असल्यामुळे अभिनयाचा अर्थ मात्र बहुतेकांच्या पदरी पडत नाही. अर्थ न कळता केलेली स्तुती ही कलेची अर्धी उपेक्षाच होय.

वस्तुतः तंजावर आम्हांस परके नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली ज्या धुळ्यास वारले, आणि जेथे शंकरराव देवांनी समर्थ वाग्देवता मंदिर उभारले, तेथील वाचकांस तंजावरच्या रामदासी मठांचा परिचय करून देण्याचे कारण नाही. परंतु कागदपत्रांतून जे तंजावर आम्ही जाणले, त्यात तेथील नृत्यास फारसे स्थान मिळाले नाही. व्यंकोजीराजांनी स्थापिलेले हे भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चार बंधू होते. भरतनाट्यम्‌चा अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंतचा आजचा क्रम त्यांनीच बसविला, असे परंपरा मानते.

खुद्द सरफोजींच्या नावावर मराठी नृत्यरचना आहेत. ‘कोर्व्याचे साहित्याचे जिन्नस’ या शीर्षकाखाली त्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या. त्यांच्याच ‘देवेंद्र कुरवंजी’त भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री इंद्राणीस चक्क पृथ्वीचा भूगोल सांगते! काव्य म्हणून या रचना थोर आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा गुण बांधणीत आहे. प्रत्येक निरूपणात आरंभापासून मंगलापर्यंत एकच कथासूत्र चालते, त्यामुळे नर्तकीस सुटे सुटे प्रकार करून दाखवून भागत नाही, एक भाव शेवटपर्यंत सांभाळावा लागतो. आजच्या कार्यक्रमांत नेमकी हीच गोष्ट दुर्मिळ आहे.

या रचना पोथीतून रंगमंचावर आणण्याचे श्रेय आचार्य पार्वतीकुमार (१९२१–२०१२) यांचे. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या सादर केल्या, आणि पुढे ‘नृत्यगंगा’ या उपक्रमात भरतनाट्यम्‌ला हिंदुस्थानी संगीताची जोड दिली. आपल्या कानांस ओळखीचे सूर आणि आपल्या भाषेतील शब्द मिळाल्यावर प्रेक्षकाचे लक्ष पायांवरून मुद्रेकडे वळते, हा या कार्याचा खरा लाभ आम्ही समजतो.

तथापि एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. भरतनाट्यम् मराठ्यांनी घडविले, अशी फुशारकी कोणी मारू नये. राजांनी आश्रय दिला, शब्दही दिले. परंतु ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली ती नट्टुवनारांनी आणि देवदासींनी. थोर नर्तकी बालासरस्वती (१९१८–१९८४) यांच्या घराण्याची मूळ स्त्री पापम्माळ हीसुद्धा तंजावर दरबारचीच. रुक्मिणीदेवींनी १९३६ साली कलाक्षेत्र स्थापिले, तेव्हापासून ही कला प्रतिष्ठित घरांतील मुलींकडे वेगाने आली. देवदासी अर्पण करण्याच्या चालीस मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्याने बंदी झाली, आणि ती योग्यच होती. परंतु प्रथेबरोबर त्या स्त्रियांची विद्वत्ताही विस्मृतीत ढकलली गेली, हे मात्र योग्य म्हणता येणार नाही. आपल्या मुलीच्या पायांत चाळ बांधणाऱ्या कुटुंबाने हे ऋण जाणले पाहिजे.

म्हणून आमच्या नृत्यशिक्षकांस एवढीच विनंती आहे, की परीक्षेच्या पाठांबरोबर तंजावरची एक तरी मराठी रचना मुलींस शिकवावी, आणि नाचण्यापूर्वी तिचा अर्थ त्यांच्याकडूनच वदवून घ्यावा. एका रचनेत अर्थ शोधण्याची सवय जडली, की तमिळ पदाचा अर्थ विचारण्याचेही धैर्य मुलींस येईल. पालकांसही मग केवळ टाळ्या वाजवून समाधान मानता येणार नाही.