उंबरठ्याचा अधिकार

‘डिजिटल समावेशन’ हा शब्दप्रयोग अलीकडे सरकारी अहवालांतून आणि परिसंवादांतून इतक्या सहजतेने वावरतो, की त्याच्या पोटात कोणते गृहीतक दडले आहे हे पाहण्याची गरज कुणाला भासत नाही. समावेशन म्हणजे आत घेणे. त्यात आत घेणारा एक असतो आणि घेतला जाणारा दुसरा. घर कुणाचे आणि उंबरठा कुणाचा, हे आधीच ठरून गेलेले असते. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांविषयीची दोन पुस्तके आम्ही नुकतीच शेजारी ठेवून वाचली आणि या ठरून गेलेल्या गोष्टीविषयी आम्हांला शंका घ्यावीशी वाटली. पहिले पुस्तक १९८६ चे, दुसरे २०१६ चे. पहिल्याचा विषय दूरचित्रवाणी आहे, दुसऱ्याचा इंटरनेट. प्रश्न मात्र एकच आहे.

पहिल्याचे कर्ते एरिक मायकल्स हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. उपग्रहामार्फत येऊ घातलेल्या दूरचित्रवाणीचा दुर्गम आदिवासी समाजावर काय परिणाम होईल, हे अभ्यासण्यासाठी ते १९८२ साली ऑस्ट्रेलियात आले आणि ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे तीनशे किलोमीटरवर असलेल्या युएंदुमु या गावी राहिले. हे गाव वार्लपिरी लोकांचे. (आमच्याकडील वारली समाजाशी या नावाचे असलेले साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे, नात्याचे नव्हे.) मायकल्स यांच्या ग्रंथाचे नाव ‘द ॲबोरिजिनल इन्व्हेन्शन ऑफ टेलिव्हिजन इन सेंट्रल ऑस्ट्रेलिया’. त्यातील ‘इन्व्हेन्शन’, म्हणजे शोध, हा शब्द महत्त्वाचा आहे. परिणाम मोजण्यासाठी आलेल्या अभ्यासकाला असे दिसले, की हे लोक परिणामाची वाट पाहत बसलेले नाहीत. त्यांनी व्हिडिओ कॅमेरा हाती घेतला होता, आणि १९८५ साली परवान्याची वाट न पाहता आपले छोटेसे प्रक्षेपण केंद्रही सुरू केले. दूरचित्रवाणी त्यांना मिळाली असे म्हणण्यापेक्षा त्यांनी ती आपल्यापुरती नव्याने घडवली, असे म्हणणे अधिक सत्य ठरेल.

मायकल्स यांचे खरे योगदान याहून खोल आहे. ज्या समाजात ज्ञान मुखानेच पुढे जाते, तेथे ते सर्वांसाठी उघडे ठेवलेले धन नसते. अमुक कथा सांगण्याचा अधिकार अमुकाचा आणि ती ठीक सांगितली जाते की नाही हे पाहण्याचे कर्तव्य तमुकाचे, अशी वाटणी नात्यांनी बांधलेली असते. पित्याच्या बाजूने हक्कदार असणाऱ्यांना वार्लपिरी ‘किर्डा’ म्हणतात आणि मातेच्या बाजूने राखणदार असणाऱ्यांना ‘कुर्डुंगुर्लु’. कुणी निवर्तले की त्याचे नाव उच्चारले जात नाही. त्याच नावाच्या जिवंत माणसालाही काही काळ ‘कुमन्जाई’ या पर्यायी नावाने हाक मारतात. मृताचे छायाचित्रही झाकून ठेवतात. १९२८ च्या कॉनिस्टन हत्याकांडात सरकारी चौकशीने ३१ आदिवासी मारले गेल्याचे मान्य केले आणि तरीही गोळीबार समर्थनीय ठरवला. युएंदुमुच्या लोकांनी त्या घटनेवर व्हिडिओ केला. त्याविषयीच्या १९८७ सालच्या निबंधात मायकल्स दाखवतात, की कॅमेरा कुणी धरायचा, चित्रीकरणाच्या वेळी कोणकोणत्या नातलगांनी उपस्थित असायचे, इतकेच नव्हे तर भूमीवरून दृष्टी कोठून कोठे फिरवायची, हेही त्याच जुन्या नियमांनी ठरत होते. यंत्र नवे होते, शिस्त मात्र त्यांची स्वतःची होती.

मायकल्स यांच्या लेखनाविषयी आमची एक तक्रार आहे. ज्यांच्याकडे परंपरेची राखण आहे त्यांचा आवाज येथे स्पष्ट उमटतो. त्या परंपरेच्या बाहेर डोकावू पाहणाऱ्या तरुणांचा आवाज मात्र क्षीण राहतो. तरुणांनाही आपले काही ऐकायचे असते, काही पाहायचे असते. समाज म्हणजे केवळ त्याचे राखणदार नव्हेत. १९८८ साली, अगदी अकाली, मायकल्स निवर्तले. त्यामुळे हा प्रश्न पुढे नेण्याचे काम इतरांवर आले.

ते काम एली रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘इंटरनेट ऑन द आउटस्टेशन’ या ग्रंथाने बऱ्याच अंशी केले आहे. काही मोजक्या कुटुंबांच्या पाड्यांवर इंटरनेट पोहोचल्यावर काय घडते, याचे हे घरोघरचे निरीक्षण आहे. जोडणी नसणे म्हणजे सर्वस्वी वंचना, हे समीकरण ग्रंथ डोळे मिटून स्वीकारत नाही. एक उदाहरण बोलके आहे. दरमहा बिल येणारी जोडणी अनेकांना नको असते, आधी पैसे भरून वापरायचा मोबाइल हवा असतो. वरवर पाहता हा अव्यवहार वाटेल, कारण असा वापर महाग पडतो. परंतु जेथे नातलगाला नाही म्हणता येत नाही, तेथे ज्याच्या नावावर बिल त्याच्यावर साऱ्या गोताचा भार पडतो. पैसे संपले की आपोआप थांबणारा मोबाइल त्याला कुणाशीही भांडण न करता सोडवतो. आम्हांला हे शहाणपण वाटते. ग्रंथाची उणीव एवढीच, की धोरणाची चर्चा सुरू होताच माणसांचे चेहरे धूसर होतात.

आता या दोन ग्रंथांच्या प्रकाशात आजचा मापदंड पाहावा. ऑस्ट्रेलियाचा डिजिटल समावेशन निर्देशांक पोहोच, परवड आणि कौशल्य अशा तीन अंगांनी शंभरपैकी गुण देतो. २०२३ च्या निर्देशांकात आदिवासी आणि इतर नागरिक यांच्यात ७.५ गुणांचे अंतर होते. दुर्गम भागात ते याहून पुष्कळ मोठे आहे. २०२० च्या राष्ट्रीय करारात २०२६ पर्यंत समान पातळी गाठण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले. हेतू स्तुत्य आहे, यात संशय नाही. परंतु एकच फोन चौघांनी वापरणे ही या मापात उणीव ठरते. मृताचे छायाचित्र पडद्यावरून मागे घेता न येणे ही मात्र कोणत्याच रकान्यात उणीव ठरत नाही. जे मोजले जात नाही ते धोरणात उतरत नाही.

येथे एका धोक्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ‘त्यांची संस्कृती निराळी, त्यांना हे नकोच असेल’ असे म्हणत मनोरा न उभारणे शासनाला सोयीचे असते. निर्वाहभत्ता, बँक, दवाखान्याची वेळ, सारे पडद्यावर गेल्यावर जोडणी नाकारण्याचे स्वातंत्र्य उरतच नाही. २०२० च्या साथीत दुर्गम वस्त्यांचे रस्ते बंद झाले, तेव्हा हे उघड झाले. परंपरेचा आदर ही कंजुषीची सबब होता कामा नये.

मग मार्ग कोणता? तो त्याच भूमीत दिसतो. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी युएंदुमु आणि शेजारच्या वस्त्यांनी ‘तानामी नेटवर्क’ या नावाने चित्रसंवादाची यंत्रणा उभारली. तिच्यावरून विधींची आखणी झाली आणि तुरुंगातील माणसांना घरचे चेहरे दिसले. पुढे टेनंट क्रीक येथील वारुमुंगु लोकांच्या सहभागातून ‘मुकुर्तु’ हा संगणकीय संग्रह आकारास आला. मौल्यवान वस्तू सुरक्षित ठेवण्याच्या पिशवीवरून त्याला हे नाव मिळाले. कोणते छायाचित्र कुणी पाहावे, हे त्यात समाजाचे नियम ठरवतात. म्हणजे तारही हवी आणि दारही हवे, आणि दाराची कडी घरच्यांच्या हाती हवी.

दुर्बलांविषयी कळवळा असणाऱ्या आम्हा सर्वांनाच देण्याची घाई असते. काय द्यावे, याची यादीही तयार असते. मायकल्स आणि रेनी ही यादी क्षणभर बाजूला ठेवायला लावतात आणि समोरच्याने आधीच काय घडवले आहे, हे पाहायला शिकवतात. समावेशन हा शब्द टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. त्याचा कर्ता मात्र बदलायला हवा. वार्लपिरींना इंटरनेटमध्ये आत घेणे ही अर्धी गोष्ट झाली. इंटरनेटला आपल्या घरात कुठवर येऊ द्यायचे, हे वार्लपिरींनी ठरवणे ही उरलेली अर्धी, आणि आमच्या मते अधिक मोलाची.