एक वीत रिकामी

दहावीच्या पेपरात रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. नोकरीची शेवटची वर्षं मी मुलांकडून हे तीन मुद्दे घोटवून घेतले. आज ज्या मजकुराचं रसग्रहण करायला बसले आहे, तो मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. आमच्या फणसवाडीच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीच्या दाराला आतून तो चार टाचण्यांनी लावलेला होता. दुधाच्या हिशेबाच्या लांबट वहीचं एक पान आणि त्यावर निळ्या बॉलपेनने सत्तेचाळीस ओळी. शेजारची मुलगी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जुन्या, कार्बोरेटरच्या बुलेटवरून लेहला निघाली होती. ही तिच्या सामानाची यादी.

मुलगी माझी विद्यार्थिनी. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि फेटा अशा थाटात बुलेटवर बसणाऱ्या मुलींमध्ये ती असते आणि तिला तशी बघायला मी दरवर्षी ठाकुरद्वारच्या नाक्यावर उभी राहते. पण मिरवणुकीत गाडी माणसाच्या चालीने जाते. लेहची गोष्ट निराळी. गिरगावच्या पावसातून निघायचं, गुजरातच्या घामट उकाड्यातून राजस्थानच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हात शिरायचं, हिमाचलात पुन्हा पाऊस अंगावर घ्यायचा आणि शेवटी तांगलांग ला ही ५,३२८ मीटरवरची खिंड ओलांडायची. पंधरा दिवसांत तिन्ही ऋतू. ते सगळे मावायचे कशात, तर दोन सॅडल बॅगा, मागे एक टेल बॅग आणि टाकीवरची छोटी पिशवी.

पहिली ओळ अशी आहे: ‘रेनकोट – सगळ्यात वर. दहिसर नाक्याआधी लागेल.’

ही ओळ वाचून मी दारातच थांबले. दुसऱ्या कुणी यादी हेल्मेटपासून धरली असती, किंवा कपडे, औषधं, हत्यारं असे गट पाडले असते. हिची यादी बॅग उघडल्यावर हाताला पहिलं काय लागायला हवं तिथून सुरू होते. पानावरून खाली येत जावं तसा हात बॅगेत खोल जातो, आणि तसतसा रस्ताही पुढे सरकतो: दहिसर, मग उदयपूर, मग मंडी, मग सरचू. पान, बॅग आणि प्रवास यांचा क्रम एकच. आशय आणि रचना एकजीव होणं म्हणजे काय, हे वर्गात समजावताना मला असं उदाहरण मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

या ओळीला एक इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीत रत्नागिरीला जाताना कशेडी घाटात तिला पावसाने गाठलं आणि रेनकोट होता बॅगेच्या तळाशी. रस्त्याच्या कडेला बॅग उपसावी लागली. रेनकोट हाती येईतो बाकीचं सगळं भिजून चिंब. पुढचे दोन दिवस तिने ओल्या मोज्यांत काढले. यादीत कशेडीचं नावही नाही, पण ‘सगळ्यात वर’ या दोन शब्दांमागे तो अख्खा घाट उभा आहे.

मग हेल्मेट कुठे गेलं? ते समासात आहे. डावीकडच्या तांबड्या रेघेबाहेर, पान आडवं धरून लिहिलेलं: ‘अंगावर – हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, नी-गार्ड, बूट.’ बॅगेत जाणारं रेघेच्या आत, शरीराला चिकटून जाणारं रेघेबाहेर. पान सरळ धरलं की ही ओळ माणसासारखी उभी दिसते, डोकं वर, बूट खाली. हे तिने ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही. चांगल्या लेखनात अशा गोष्टी हाताला आपोआप साधतात.

ग्लोव्हज पुढे पुन्हा येतात, आणि तीन वेळा येतात. ‘जाळीचे’, ‘जाड’ आणि तिसऱ्यांदा: ‘भांडी घासायचे रबरी, एक नंबर मोठे.’ या तिसऱ्या नोंदीवर माझा फार जीव आहे. थंडीत चालवणाऱ्याचे हात सगळ्यांत आधी कामातून जातात. अंग जॅकेटच्या आत असतं, हात हँडलवर वाऱ्यात धरलेले असतात. हवा ५ अंशांची असली तरी ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ती उणे २ च्या घरात भासते. त्यात ग्लोव्हज भिजले की बोटं क्लचवर आहेत की नाहीत तेही कळेनासं होतं. पावसात टिकणारे भारी ग्लोव्हज मिळतात, पण महाग. हिने मोरीजवळ खिळ्याला टांगलेले रबरी हातमोजे बघितले, एक नंबर मोठा जोड आणला आणि जाड ग्लोव्हजवर चढवून बघितला. त्या संध्याकाळी ती गॅलरीचा कठडा क्लचसारखा दाबत उभी होती. चारही बोटं मिटत होती, उघडत होती. मला म्हणाली, “बाई, बघा, सुटत नाहीयेत.” घरातली वस्तू हिमालयात नेताना तिने तिचं नाव बदललेलं नाही. ‘भांडी घासायचे’ हे विशेषण तसंच ठेवलं, आणि म्हणून ही ओळ वाचताना मोरी आणि खिंड एकदम डोळ्यांपुढे येतात.

उन्हाच्या ओळी थोड्याच आहेत. ‘पंचा – अजमेरनंतर भिजवून मानेला. जॅकेटची चेन उघडायची नाही.’ दुसरं वाक्य मला आधी उलट वाटलं. उकडतंय तर चेन उघडावी, हा आपला मुंबईचा हिशेब. इथे वारा कातडीपेक्षा थंड असतो, म्हणून तो लागला की बरं वाटतं. ४२ अंशांत वाराच कातडीपेक्षा तापलेला असतो. तो गारवा देत नाही, उलट अंग तापवतो आणि घाम दिसायच्या आत सुकवून नेतो. अशा वेळी अंगातला ओला कपडा आणि वरून बंद जॅकेट हे मडक्याचं काम करतात: पाणी हळूहळू उडतं आणि आतलं गार होतं. गिरगावच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही, पाणी उडायला हवा कोरडी लागते. ‘अजमेरनंतर’ हा एकच शब्द ही सगळी अट सांगून जातो.

यादीत एकच खाडाखोड आहे. अकराव्या ओळीवर ‘स्वेटर (आईने विणलेला)’ असं लिहून एका सरळ रेघेने खोडलंय. पुढे अडतिसाव्या ओळीवर तोच स्वेटर पुन्हा येतो: ‘स्वेटर – फक्त झोपताना, सरचू.’ या दोन ओळींच्या मध्ये मायलेकींचे चार दिवस गेले. आईचं म्हणणं, लोकर ऊबदार असते, आणि ते खरंच आहे. लेकीचं म्हणणं, जाड स्वेटरवर जॅकेट घट्ट बसतं, कोपर वाकत नाही आणि कोपराचं पॅड सरकून दंडावर येतं. पडल्यावर पॅड कोपरावरच असायला हवं, नाहीतर ते असून नसून सारखंच. म्हणून तिने पातळ थर्मल, त्यावर फ्लीस आणि छातीशी जुन्या पेपरची चार पानं असे थर ठरवले. (कागद वारा अडवतो. सायकलवरून पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही.) दोघींचंही बरोबर होतं आणि यादीने दोघींनाही जागा दिली. खोडलेलं तिने गिरवून काळं केलेलं नाही. रेघेखालून ‘आईने विणलेला’ स्वच्छ वाचता येतं. मला तर तो खोडलेला शब्द न खोडलेल्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

आणि मग एकतिसावी ओळ. ‘अटल बोगद्याआधी चहा. थर्मल इथेच. रेनकोट परत (वाऱ्यासाठी).’

२०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालेला हा बोगदा ९ किलोमीटरच्या थोडा पुढे भरतो. रोहतांगची खिंड टाळून तो कुलूच्या बाजूने आत घेतो आणि लाहौलमध्ये बाहेर सोडतो. अलीकडे देवदार आणि पाऊस, पलीकडे उघडे डोंगर आणि कोरडी हवा, कारण मोसमी ढग पीर पंजालच्या रांगेपलीकडे फारसे पोचत नाहीत. पाऊस संपतो तिथे साधा माणूस रेनकोट घडी करून ठेवून देईल. ही तो पुन्हा चढवते, कारण जो पाणी आत येऊ देत नाही तो वाराही येऊ देत नाही. ध्रुवपद परत यावं तशी पहिली ओळ इथे परत येते आणि येताना अर्थ बदलून येते. दहिसरला हा कपडा पावसाचा होता, इथून पुढे तो थंडीचा. सामान तेच ठेवून ऋतू बदलण्याची ही हातोटी मला सगळ्या यादीचा गाभा वाटते. तिन्ही हवामानांसाठी तीन पोशाख नेणं कुणालाही सुचेल. पण जागा नाही, म्हणून एकाच वस्तूला दोन-दोन कामं लावायची, आणि तरी कुठे कमी पडू द्यायचं नाही.

सामानाची यादी साहित्यात यायची ही पहिली वेळ नव्हे. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाने १९६८ मध्ये लहान मुलाला मागे बसवून होंडाच्या ३०५ सीसी मोटारसायकलवर मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला. त्यावरचं त्याचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक १९७४ मध्ये आलं. त्याच्या सुरुवातीच्या प्रकरणांत अशीच एक यादी आहे: कपडे, अंगाशी लागणाऱ्या वस्तू, मुक्कामाचं सामान, गाडीची हत्यारं, सुटे भाग. ग्लोव्हज तर आहेतच, आणि ते कातडीचे का बरे, हेही तो सांगतो. पुस्तकांत गाडीच्या दुरुस्तीचं मॅन्युअल आणि शेजारी थोरोचं ‘वॉल्डन’. ती यादी मला आवडते, पण ती वाचकाला समोर बसवून सांगितलेली यादी आहे. तिच्यात गट आहेत, कारणं आहेत, गप्पा आहेत. आमच्या चाळीतल्या यादीला वाचक अपेक्षितच नव्हता. ती स्वतःच्याच थंडीने काकडलेल्या हातांना आधीच देऊन ठेवलेली सूचना आहे. म्हणून तिच्यात क्रियापदंसुद्धा फारशी नाहीत.

हा क्रम तिला सुचला कुठून, याचं उत्तर माझ्या मते ज्या खोलीत ती यादी लागली होती त्या खोलीतच आहे. पावणेदोनशे चौरस फुटांत चार माणसं राहतात तेव्हा वस्तू कुठे ठेवायची हे ती किती वेळा लागते त्यावर ठरतं. वर्षातून एकदा लागणारं माळ्यावर, महिन्यातून एकदा लागणारं कॉटखालच्या ट्रंकेत, रोजचं खुंटीला. पाहुणे आले की गाद्या कुठल्या क्रमाने निघतात आणि कुठल्या क्रमाने परत जातात, हे चाळीतल्या पोराला पाढ्यांआधी येतं. सॅडल बॅग ही तिच्यासाठी कॉटखालची ट्रंकच होती. ‘जड खाली, दोन्ही बाजू सारख्या. उजवीकडे प्लॅस्टिक नाही (सायलेन्सर)’ ही ओळ वाचताना मला तिची आजी स्टोव्हपासून हातभर लांब डबे लावताना दिसते.

हत्यारांच्या ओळी मी भरभर वाचल्या. तिथे मला गती नाही. पाने, प्लग, दोन ट्यूब, पंप, तार. हे सामान तिने ऑपेरा हाऊसच्या मोटार पार्टच्या दुकानांतून आणलं. एका ओळीपाशी मात्र परत आले: ‘क्लच केबल – नेलेली आहे.’ बाकी सगळं न्यायचंय, ही एकटीच नेलेली. विचारलं तेव्हा तिने खाली नेऊन गाडी दाखवली. जुन्या केबलच्या अंगाला अंग लावून नवी केबल आधीच ओवून, टेपने बांधून ठेवली होती. जुनी वाटेत तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची. पाठीमागे व्यंकटेशाच्या देवळाचं गोपुर आणि मी चष्मा पुसून त्या दोन केबलींकडे बघत बसलेले.

चौतीस ते छत्तीस या ओळींचं अक्षर वेगळं आहे. शाईही काळी. ‘आलेपाक. मेतकूट. सुंठ.’ आई. परवानगी न घेता तिने लेकीच्या मजकुरात तीन शब्द घातले आणि तेही बरोबर जागी, सरचूच्या वर, जिथे थंडीत पोट बिघडणार तिथे. तीही तीच व्याकरणपद्धत जाणते.

शेवटची, सत्तेचाळिसावी ओळ: ‘एक वीत रिकामी.’

रस्त्यावर थंडीतून उन्हात उतरलं की अंगावरचे थर काढून बॅगेतच टाकायचे असतात. घरात पंख्याखाली घातलेली घडी वाऱ्यात, सुन्न बोटांनी पुन्हा तशी पडत नाही. भिजलेला कपडा कोरड्यापेक्षा जास्त जागा खातो. तेव्हा गच्च भरलेली बॅग ही पहिल्याच बदलाला न मिटणारी बॅग. सेहेचाळीस ओळींनंतर तिने रिकामपण हीच एक वस्तू मानली, तिला क्रमांक दिला आणि मोजमाप दिलं. माप तरी कुठलं? इंच नाही, लिटर नाही, स्वतःच्या पंजाचं.

निघायच्या आदल्या रात्री गॅलरीत सगळं मांडलं होतं. आम्ही बायका कठड्याला टेकून बघत होतो. टेल बॅग भरून झाल्यावर तिने अंगठा एका कडेला टेकवला आणि करंगळी ताणली. बरोबर एक वीत. तेवढ्यात आई मेतकुटाची डबी घेऊन आली आणि त्या जागेकडे बघत काही न बोलता उभी राहिली. मुलीने टाकीवरच्या पिशवीतून कॅमेरा काढून गळ्यात अडकवला, डबी तिथे बसवली आणि टेल बॅगेवर पुन्हा एकदा वीत घालून बघितली.